लिनक्स संगणक नेटवर्कला आपोआप जोडला जात नाही, तेव्हा नेमके कुठे पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात नौपाड्यातील एका अभ्यासिकेत लिनक्स मिंट बसवलेले संगणक आहेत. वीज जाऊन पुन्हा आली की नोंदणीच्या टेबलावरचा, केबलने जोडलेला संगणक सुरू होतो, पण त्यावर नेट येत नाही. प्रिंटर आणि फायली सांभाळणारा, मॉनिटर नसलेला दुसरा संगणक वायफायवर आहे. त्यावर कुणीतरी लॉगिन करेपर्यंत तो नेटवर्कवर दिसतच नाही. व्यवस्थापकांचा लॅपटॉप अभ्यासिकेचे वायफाय सोडून कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जाऊन चिकटतो. एका जाणकाराने सगळ्या संगणकांवर लिनक्स नव्याने बसवून दिले, काही दिवस बरे गेले आणि मग तिन्ही तक्रारी परत आल्या. आता पुन्हा नव्याने बसवावे की विंडोजकडे वळावे, असे संचालकांनी विचारले आहे.

या दोहोंपैकी कशाचीच गरज नाही. तिन्ही तक्रारींचे वर्णन ‘आपोआप जोडले जात नाही’ असे एकच होत असले तरी त्यांची कारणे तीन वेगवेगळ्या जागी आहेत, आणि नव्याने बसवण्याने त्यांपैकी एकही कारण दूर होत नाही. लिनक्समध्ये आपोआप जोडणी होते म्हणजे नेटवर्कमॅनेजर नावाची सेवा पाठोपाठ काही प्रश्नांची उत्तरे शोधते: हे उपकरण माझ्या ताब्यात आहे का, ते वापरण्याजोगे आहे का, त्याला लागू पडणारी जतन केलेली जोडणी माझ्याकडे आहे का, ती आत्ता आपण होऊन सुरू करण्याची मला परवानगी आहे का, आणि सुरू केल्यावर ती शेवटपर्यंत पोहोचली का. यांपैकी पहिले ‘नाही’ कुठे आले हे कळल्याशिवाय केलेला कोणताही उपाय हा अंदाज असतो. पासवर्ड पुन्हा टाकणे, राउटर बंद-चालू करणे, लिनक्स पुन्हा बसवणे हे सगळे या अंदाजाचेच प्रकार होत, आणि त्यांतल्या काहींमुळे मूळ दोष झाकला जाऊन दुसरा तयार होतो.

म्हणून संगणक अडलेला असताना, कुणीही काही क्लिक करण्यापूर्वी, टर्मिनल उघडून ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही कमांड द्यावी (एनएमसीएलआय हे टर्मिनलमधून नेटवर्कमॅनेजरशी बोलण्याचे साधन). कमांड टंकताना अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरावीत; फक्त नेटवर्कमॅनेजर हे नाव ‘NetworkManager’ असे, एन आणि एम मोठे ठेवून लिहावे. येथे त्या केवळ वाचण्यासाठी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. समोर येणाऱ्या तक्त्यात प्रत्येक उपकरणापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते, आणि पुढची अर्धी दिशा त्या एका शब्दातूनच ठरते.

अवस्था ‘अनमॅनेज्ड’ अशी असेल तर नेटवर्कमॅनेजरने त्या उपकरणाकडे पाहायचेच नाही असे कुणीतरी सांगून ठेवलेले आहे, आणि अशा वेळी वायफायचा पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी उपयोग होत नाही. डेबियन आणि त्यावर बेतलेल्या वितरणांत (म्हणजे मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या तयार संचांत) याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘ईटीसी’खालील ‘नेटवर्क’ फोल्डरमधली ‘इंटरफेसेस’ ही जुनी फाइल. इंटरनेटवरच्या एखाद्या जुन्या सल्ल्यानुसार कुणी तिच्यात नेटवर्क कार्डाचे नाव लिहून ठेवले की नेटवर्कमॅनेजर त्या कार्डातून अंग काढून घेतो. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत नेटप्लॅनने (नेटवर्कच्या सेटिंग वाटून देणाऱ्या साधनाने) नेटवर्कचा कारभार सिस्टिमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या सेवेकडे सोपवलेला असतो, त्यामुळे सर्व्हरवर नंतर डेस्कटॉप चढवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. उपाय कोणताही निवडावा, पण एका कार्डाचा मालक एकच ठेवावा. दोन सेवा एकाच कार्डावर पत्ता मागू लागल्या की दिसणारे दोष इतके चंचल असतात की त्यांचा माग काढण्यात वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

‘अनअव्हेलेबल’ म्हणजे उपकरण ताब्यात आहे, पण वापरता येत नाही. केबलच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा एवढाच की पलीकडून संकेत येत नाही. वायफायच्या बाबतीत आधी ‘आरएफकिल’ या कमांडने कार्ड रोखलेले आहे का ते पाहावे. तेथे ‘सॉफ्ट’ अडथळा असेल तर तो कमांडने निघतो, ‘हार्ड’ असेल तर लॅपटॉपची कळ किंवा बायोसमधली सेटिंग तपासावी लागते. कार्ड यादीतच दिसत नसेल तर प्रश्न फर्मवेअरचा किंवा ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. ड्रायव्हर बाहेरून आणून बसवलेला असेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत झाल्यावर तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला नाही, किंवा सिक्युअर बूट (सुरू होतानाच स्वाक्षरी तपासणारी सुरक्षा) चालू असल्यामुळे स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला गेला, ही दोन कारणे सर्वाधिक आढळतात. ‘कालपर्यंत चालत होते आणि आज अद्ययावत केल्यावर वायफायच नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी याच घरातली असते. आपल्या तक्रारींत ती नाही, म्हणून अधिक खोलात जात नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची अवस्था ‘डिस्कनेक्टेड’ ही आहे. उपकरण ताब्यात आहे, सज्जही आहे, तरी जोडणी सुरू झालेली नाही. येथून पुढे संगणकाची नोंदवही वाचल्याशिवाय निदान होत नाही. ‘जर्नलसीटीएल’ या कमांडला ‘उणे-यू नेटवर्कमॅनेजर’ आणि ‘उणे-बी’ हे पर्याय दिले की संगणक या वेळी सुरू झाल्यापासूनच्या नोंदी मिळतात. ‘उणे-बी’पुढे ‘उणे एक’ लिहिले तर त्याआधीच्या वेळच्या. त्यात शोधायची ओळ ‘स्टेट चेंज’ या शब्दांची. जोडणी ‘प्रिपेअर’, ‘कॉन्फिग’, ‘नीड-ऑथ’, ‘आयपी-कॉन्फिग’ या पायऱ्या ओलांडत ‘ॲक्टिव्हेटेड’पर्यंत जाते आणि ज्या पायरीवर ती पडते तेथे ‘फेल्ड’ हा शब्द आणि पुढे कारण लिहिलेले असते. ‘नो-सीक्रेट्स’ म्हणजे पासवर्ड मिळाला नाही, ‘एसएसआयडी-नॉट-फाउंड’ म्हणजे त्या नावाचे वायफाय हवेत सापडले नाही, ‘आयपी-कॉन्फिग-अनअव्हेलेबल’ म्हणजे राउटरकडून पत्ता मिळाला नाही. या तीन कारणांत फरक करता आला तरी बहुतेक कामांत पुरते. प्रयत्न सुरू झाल्याची ‘ऑटो-ॲक्टिव्हेटिंग कनेक्शन’ ही ओळच नोंदीत नसेल, तर जोडणी अपयशी ठरलेली नाही, ती सुरूच केली गेलेली नाही, आणि मग कारण जोडणीच्या जतन केलेल्या सेटिंगमध्ये शोधायचे असते.

आता नोंदणीच्या टेबलावरचा संगणक घेऊ. आपण दिलेल्या वर्णनानुसार हा संगणक एका लहान स्विचला (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या डब्याला) जोडलेला आहे आणि स्विच पुढे राउटरला. वीज परत येते तेव्हा एसएसडी असलेला संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो, तर फायबरचा डबा आणि राउटर यांना पूर्ण जागे व्हायला बऱ्याचदा काही मिनिटे लागतात. स्विच मात्र क्षणात सुरू होतो आणि संगणकाला केबलमध्ये संकेत दिसतो. संगणक लगेच डीएचसीपीद्वारे (नेटवर्कवरचा पत्ता आपोआप मिळवण्याच्या पद्धतीने) पत्ता मागू लागतो, पण पत्ता देणारा राउटर अजून उठलेला नसतो. नेटवर्कमॅनेजर सर्वसाधारणपणे ४५ सेकंद वाट पाहतो आणि प्रयत्न अपयशी ठरवतो. एका जोडणीसाठी असे ४ प्रयत्न झाले की तो तिला काही काळ बाजूला ठेवतो आणि ५ मिनिटांनी पुन्हा पाहतो. संगणक थेट राउटरला जोडलेला असता तर राउटर सुरू होताना केबलमधला संकेत जाऊन पुन्हा आला असता, आणि संकेत नव्याने आला की प्रयत्नांची मोजणीही नव्याने सुरू होते. मध्ये स्विच असल्यामुळे संगणकाला तो बदल दिसतच नाही. नेमक्या या बाजूला ठेवलेल्या काळात कुणीतरी टेबलाशी येऊन ‘नेट नाही’ म्हणून संगणक बंद-चालू करतो, आणि मग तोवर जागा झालेला राउटर लगेच पत्ता देतो. त्यामुळे ‘रीस्टार्ट केल्याशिवाय चालत नाही’ असा समज पक्का होतो.

यावर उपाय दोन सेटिंगचा आहे. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ या कमांडपुढे जोडणीचे नाव लिहून ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ची किंमत ० करावी, म्हणजे प्रयत्नांची मर्यादा उठते, आणि ‘आयपीव्ही४.डीएचसीपी-टाइमआउट’ वाढवून ३०० सेकंद करावा. ही ० फसवी आहे, कारण वाचणाऱ्याला ती ‘एकही प्रयत्न नको’ अशी वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ ‘कायम प्रयत्न करत राहा’ असा आहे. याशिवाय राउटर आणि फायबरचा डबा यांच्यासाठी बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा लहान यूपीएस घ्यावा, असे मी आपल्यासारख्या प्रत्येक ठिकाणी सांगतो. ठाण्यात विजेचा लपंडाव पावसाळ्यात विशेष होतो, आणि पाच-दहा मिनिटांच्या खंडितपणासाठी हा यूपीएस पुरतो. राउटर बंदच पडला नाही की वरची सगळी साखळी निर्माणच होत नाही. सॉफ्टवेअरचा उपाय तरीही करून ठेवावा.

याच संगणकाच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासावी. ‘ईथटूल’ ही कमांड कार्डाच्या नावासह दिली तर ‘लिंक डिटेक्टेड’ आणि ‘स्पीड’ या ओळी दिसतात. गिगाबिटचे कार्ड आणि गिगाबिटचा स्विच असूनही वेग १०० दिसत असेल तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली किंवा टोकाशी नीट न बसलेली असण्याचा दाट संभव असतो, कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. खिडकीच्या कडेने ओढलेली केबल, टोकाची मोडलेली प्लास्टिकची जीभ, आणि खाडीकडच्या दमट हवेत हिरवट पडलेले संपर्क हे ठाणे-बेलापूर पट्ट्यात अगदी नेहमीचे दृश्य आहे. अशी केबल दिवसभर चालते आणि एखाद्या सकाळी संकेत सोडते. नोंदीत मग ‘कॅरिअर-चेंज्ड’ हा शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. तो दिसला तर सेटिंगच्या वाटेला जाऊ नये, नवी केबल टाकावी.

वीज आल्यावर सगळेच संगणक अडत असतील, म्हणजे राउटरने पत्ता दिला आहे पण पुढे काही जात नाही, तर दोष लिनक्सचा नव्हे. आपल्याकडच्या अनेक केबलवाल्यांची सेवा पीपीपीओई पद्धतीची असते, म्हणजे राउटर नाव आणि पासवर्ड देऊन पलीकडच्या सर्व्हरवर सत्र उघडतो. वीज अचानक गेली की जुने सत्र रीतसर बंद होत नाही, आणि एका खात्याला एकच सत्र अशी मर्यादा असेल तर जुने सत्र पलीकडे आपोआप संपेपर्यंत नवे नाकारले जाते. हे राउटरच्या पानावर दिसते. संगणकावर शोधून सापडणार नाही.

दुसरा, मॉनिटर नसलेला संगणक. या तक्रारीचे वर्णन वाचूनच निदान जवळजवळ होते, कारण ‘कुणीतरी लॉगिन केले की लगेच जोडला जातो’ हे वाक्य एकाच गोष्टीकडे बोट दाखवते: वायफायचा पासवर्ड संगणकाकडे नाही, वापरकर्त्याकडे आहे. नेटवर्कमॅनेजर पासवर्ड दोन प्रकारे ठेवू शकतो. एक तर तो जोडणीच्या सेटिंगमध्येच ठेवला जातो आणि संगणक सुरू होताच सेवेला वाचता येतो. किंवा तो वापरकर्त्याच्या की-रिंगमध्ये, म्हणजे लॉगिनच्या पासवर्डने उघडणाऱ्या तिजोरीत, जातो आणि ती तिजोरी उघडेपर्यंत सेवेला मिळत नाही. खातरजमा करण्यासाठी ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ या कमांडपुढे वायफायच्या जोडणीचे नाव द्यावे आणि येणाऱ्या लांबलचक यादीत दोनच ओळी पाहाव्यात. ‘पीएसके-फ्लॅग्ज’पुढे १ आणि ‘एजंट-ओन्ड’ असे दिसले तर पासवर्ड तिजोरीत आहे. ० दिसले तर संगणकाकडे आहे. ‘कनेक्शन.परमिशन्स’पुढे एखाद्या वापरकर्त्याचे नाव दिसले तर ती जोडणी त्या व्यक्तीपुरतीच आहे आणि ती व्यक्ती लॉगिन झाल्याखेरीज सुरू होणार नाही, मग पासवर्ड कुठेही असो.

दोन्ही बदल एकाच कमांडने होतात: ‘कनेक्शन मॉडिफाय’, जोडणीचे नाव, ‘कनेक्शन.परमिशन्स’पुढे रिकामे अवतरण, ‘वायफाय-सेक.पीएसके-फ्लॅग्ज’पुढे ०, आणि ‘वायफाय-सेक.पीएसके’पुढे पासवर्ड. पासवर्ड याच कमांडमध्ये पुन्हा द्यावा, कारण केवळ फ्लॅग बदलल्याने तो तिजोरीतून बाहेर येत नाही. टर्मिनलऐवजी पडद्यावरच्या चौकटींतून काम करणाऱ्यांना जोडणीच्या संपादनात ‘सर्व वापरकर्त्यांना ही जोडणी वापरता येईल’ अशा अर्थाची खूण आणि पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे एक लहान चिन्ह दिसते. त्या चिन्हावर क्लिक केले की पासवर्ड सर्वांसाठी ठेवावा की एका वापरकर्त्यासाठी, हे निवडता येते. ते चिन्ह इतके लहान आहे की वर्षानुवर्षे मिंट वापरणाऱ्यांच्याही नजरेस पडलेले नसते.

पासवर्ड असा उघडा ठेवणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न येथे बहुतेक जण विचारतात. तो केवळ रूटला, म्हणजे संगणकाच्या प्रशासकाला, वाचता येणाऱ्या फाइलमध्ये राहतो. डिस्क कूटबद्ध नसेल आणि संगणकच चोरीला गेला तर तो वाचता येईल, हे खरे. पण अभ्यासिकेचा वायफाय पासवर्ड तसाही भिंतीवर लावलेला असतो. याउलट काही जण की-रिंगचा पासवर्डच रिकामा करून टाकण्याचा सल्ला देतात, तो मात्र मानू नये, कारण त्या तिजोरीत ब्राउझरने जतन केलेली गुपितेही असू शकतात आणि एका वायफायसाठी ती सगळी उघडी पडतात. स्वयंचलित लॉगिन चालू ठेवण्याचा सल्लाही अपुरा आहे: तसे लॉगिन होताना कुणी पासवर्ड टंकतच नाही, म्हणून तिजोरी बंदच राहते आणि पडद्यावर तिचा पासवर्ड मागणारी चौकट येऊन थांबते. मॉनिटर नसलेल्या संगणकावर ती कुणाला दिसणार?

नव्याने बसवल्यावर काही दिवस ठीक चालण्याचे रहस्यही बहुधा येथेच आहे. नव्याने बसवताना तयार झालेल्या जोडणीचा पासवर्ड संगणकाकडे असू शकतो. पुढे कधीतरी संकेत क्षीण होऊन किंवा राउटर अर्धवट जागा असताना त्याच्याशी होणारे हस्तांदोलन (पासवर्डची परस्पर खातरजमा) फसते, आणि नेटवर्कमॅनेजरला ते चुकीच्या पासवर्डसारखेच दिसते. तो नवा पासवर्ड मागतो. समोर बसलेली व्यक्ती तोच बरोबर पासवर्ड पुन्हा टाकते, किंवा यादीतून वायफाय नव्याने निवडते, आणि अनेकदा त्याच वेळी पासवर्ड त्या व्यक्तीच्या की-रिंगमध्ये जातो किंवा त्याच नावापुढे १ लागलेली दुसरी जोडणी तयार होते. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले की पासवर्ड पुन्हा टाकण्याने नवा दोष तयार होतो. ‘एनएमसीएलआय कनेक्शन’ ही कमांड दिल्यावर एकाच वायफायच्या दोन-तीन जोडण्या दिसत असतील तर एक नीट करून बाकीच्या पुसून टाकाव्यात.

या संगणकावर आणखी एक काम करावे. वायफाय आता आपोआप जोडले जाईल, पण त्यावर अन्य एखाद्या संगणकावरचे सामायिक फोल्डर सुरुवातीलाच जोडायचे असेल तर ते नेटवर्क येण्याआधीच मागितले जाऊन अपयशी ठरू शकते. सिस्टिमडीमध्ये (संगणक सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या यंत्रणेत) ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ असे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिल्याचा अर्थ नेटवर्कची यंत्रणा सुरू झाली, दुसऱ्याचा अर्थ जोडणी प्रत्यक्ष लागली. दुसऱ्या टप्प्यासाठी ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’ ही सेवा चालू असावी लागते आणि ती सर्वसाधारणपणे ६० सेकंदच थांबते. राउटर त्याहून उशिरा उठणार असेल तर फोल्डरची जोडणी ‘एफएसटॅब’ या, जोडायच्या डिस्क आणि फोल्डरांची यादी असलेल्या फाइलमध्ये ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ या पर्यायासह लिहावी, म्हणजे कुणी फोल्डर उघडेल तेव्हाच ते जोडले जाईल. सुरुवात अडवून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

लॅपटॉपची तक्रार सोपी आहे, पण तिच्याविषयी गैरसमज फार. एकापेक्षा अधिक ओळखीची वायफाय नावे हवेत असतील तर नेटवर्कमॅनेजर आधी ‘ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी’ पाहतो. ती उणे ९९९ ते ९९९ यांमधील संख्या असते आणि कुणी बदललेली नसेल तर सर्वांची ०. प्राधान्य सारखे असेल तर जी जोडणी सर्वांत अलीकडे वापरली गेली ती जिंकते. एकदा नेट गेले असताना कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरला की तो हॉटस्पॉट दुसऱ्या दिवशीही आधी निवडला जातो. अभ्यासिकेच्या वायफायचे प्राधान्य १० करावे आणि हॉटस्पॉटच्या जोडणीचे ‘ऑटोकनेक्ट’ बंद करावे. मात्र प्राधान्य हे निवडीच्या क्षणापुरते असते. लॅपटॉप आधीच हॉटस्पॉटला जोडलेला असेल आणि नंतर अभ्यासिकेचे वायफाय सुरू झाले, तर चालू जोडणी तोडून तो अधिक प्राधान्याच्या जोडणीकडे जात नाही. अनेक जण संख्या वाढवत बसतात आणि ‘हे सेटिंग कामच करत नाही’ असा निष्कर्ष काढतात. त्यांच्या अडचणीवर संख्या हा उपाय नव्हे, हॉटस्पॉटचे ‘ऑटोकनेक्ट’ बंद करणे हाच आहे.

लॅपटॉपबाबत सवयीचा भागही असतो. संध्याकाळी उठताना वायफायच्या चिन्हावरून ‘डिस्कनेक्ट’ करण्याची काहींना सवय असते. वापरकर्त्याने स्वतः तोडलेली जोडणी नेटवर्कमॅनेजर आपण होऊन पुन्हा लावत नाही. हा दोष नसून हेतुपूर्वक केलेली रचना आहे, आणि हाताने जोडल्यावर किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती अट संपते. वायफायच बंद करण्याचे बटण दाबले असेल तर मात्र ती निवड जतन होते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावरही वायफाय बंदच राहते.

वायफायची आणखी तीन कारणे लक्षात असू द्यावीत. राउटरने आपले नाव लपवले असेल तर जोडणीत ‘हिडन’ची खूण असावीच लागते, नाहीतर संगणक त्या नावाची वाट पाहत बसतो आणि ते कधीच दिसत नाही. माझ्या मते नाव लपवण्याने सुरक्षितता वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो. दुसरे, घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा वाशी-नेरूळच्या उंच इमारतींत गर्दी टाळण्यासाठी राउटर कधी कधी २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १२ किंवा १३ क्रमांकाचे चॅनेल निवडतात. भारतात ती वापरता येतात, पण संगणकाला देश कोणता हे माहीत नसेल तर तो त्या चॅनेलांवर स्वतः होऊन हाक देत नाही, नुसता कान देऊन राहतो, आणि मग वायफाय कधी दिसते, कधी नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ या कमांडच्या उत्तरात देशापुढे ०० दिसले तर राउटरचे चॅनेल १, ६ किंवा ११ वर बांधून टाकणे हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. तिसरे, ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर राउटरला प्रक्षेपणापूर्वी रडार आहे का हे पाहण्यासाठी किमान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो, म्हणून वीज आल्यावर २.४चे नाव आधी दिसते आणि ५चे नंतर.

एक शंका मात्र मी आपल्या वर्णनावरून मुद्दाम मांडतो. सगळ्या संगणकांवर लिनक्स एकाच दिवसात नव्याने बसवले गेले असेल, तर ते एका डिस्कची प्रत काढून बसवले गेले असण्याची बरीच शक्यता आहे. अशा वेळी दोन गोष्टी बिघडतात. जोडणी मूळ संगणकाच्या कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) बांधलेली असेल तर प्रतीवर ती लागूच पडत नाही. आणि ‘ईटीसी’खालील ‘मशीन-आयडी’ (संगणकाची ओळख) तसेच नेटवर्कमॅनेजरची ‘सीक्रेट_की’ या दोन्ही फायली सर्व संगणकांवर एकसारख्या राहतात. वायफायसाठी ‘स्टेबल’ प्रकारचा बदललेला मॅक पत्ता निवडलेला असेल तर तो या फायलींच्या आधारे काढला जातो, म्हणजे दोन संगणक एकाच मॅक पत्त्याने हवेत उतरू शकतात आणि मग आळीपाळीने एकमेकांना बाहेर ढकलतात. प्रत्येक संगणकावर ‘कॅट’ कमांडने ‘मशीन-आयडी’ वाचावा. दोन ठिकाणी तोच दिसला तर एका संगणकावर ती फाइल रिकामी करावी (पुसून टाकू नये), ‘व्हार-लिब-नेटवर्कमॅनेजर’मधील ‘सीक्रेट_की’ काढून टाकावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. दोन्ही नव्याने तयार होतात. त्यानंतर राउटरमध्ये मॅक पत्त्यांची यादी ठेवलेली असेल तर ती सुधारावी लागेल.

फायली हाताने संपादित करायच्या झाल्यास एक काळजी घ्यावी. जोडण्यांच्या फायली पारंपरिक रीतीने ‘ईटीसी’खाली नेटवर्कमॅनेजरच्या ‘सिस्टिम-कनेक्शन्स’ या फोल्डरमध्ये असतात, आणि त्यांचा मालक रूट व परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) नसेल तर नेटवर्कमॅनेजर ती फाइल वगळतो. पेन ड्राइव्हवरून फाइल नेऊन टाकणाऱ्यांची जोडणी यादीत दिसत नाही ती यामुळेच. उबुंटूच्या २३.१० पासूनच्या डेस्कटॉप आवृत्तींत हीच माहिती नेटप्लॅनच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. म्हणून शक्यतो एनएमसीएलआयनेच बदल करावेत. माहिती कुठे ठेवायची हे त्याचे त्याला ठाऊक असते.

कामाचा क्रम असा ठेवावा: आधी ‘मशीन-आयडी’ची तपासणी, मग दुबार जोडण्या पुसणे, मग मॉनिटर नसलेल्या संगणकाचा पासवर्ड, आणि शेवटी नोंदणीच्या संगणकाच्या दोन सेटिंग. त्यानंतर अभ्यासिका बंद असताना मुख्य बटणावरून वीज घालवून पुन्हा आणावी आणि दहा मिनिटे कशालाही हात न लावता थांबावे. एखादा संगणक तरीही अडलाच तर त्याच अवस्थेत ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’, ‘एनएमसीएलआय कनेक्शन’ आणि वर सांगितलेल्या जर्नलचे उत्तर एका फाइलमध्ये साठवून ठेवावे. ती फाइल कुणाला दाखवण्यापूर्वी तिच्यातील वायफायची नावे आणि मॅक पत्ते झाकावेत. वेळा आणि ‘स्टेट चेंज’च्या ओळी मात्र जशाच्या तशा राहू द्याव्यात.